धंद्याचा हिशेब, पडद्यावरचा वर्ग

धंदा रक्तात असावा लागतो, तो शिकवून येत नाही, हे आपल्याकडचं लाडकं मत. पण चांगले चाललेले अनेक धंदे अडतात ते हिशेबात. महिन्याचं भाडं 12,000 रुपये, मसाल्याच्या पाकिटाची किंमत 60, त्यामागचा खर्च 40; म्हणजे 600 पाकिटं विकेपर्यंत नफा शून्य. तीच पाकिटं उधारीवर गेली, तर वहीत विक्री दिसते आणि गल्ला रिकामा राहतो. ही आकडेमोड ऑनलाइन उत्तम शिकता येते: व्याख्यान थांबवता येतं, गणित पुन्हा सोडवता येतं. (भरल्या वर्गात ‘परत सांगा’ म्हणायला किती जण धजतात?) 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरील व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांचं समन्वयन बंगळूरची आयआयएम करते. शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क.

माणसं सांभाळणं पडद्यावर कसं शिकणार, हा आक्षेप खरा आहे. पण ते कॉलेजच्या बाकावरही जमत नाही. त्याला दुकान, कारखाना किंवा बचत गटच लागतो, आणि नोकरी-धंदा न सोडता शिकणाऱ्याला तो हाताशी असतो. अभ्यासक्रम अर्धवट सोडणारे पुष्कळ, हा आक्षेप अधिक गंभीर. म्हणून परीक्षेची नोंदणी सुरू होताच शुल्क भरून टाका आणि प्रत्येक धडा स्वतःच्या धंद्याच्या आकड्यांवर सोडवून पाहा.