नवी वसाहत, जुना रस्ता आणि व्यापाऱ्याचा हिशेब

गावाच्या कडेला मोठी वसाहत होणार अशी बातमी आली की बाजारात दोन मते होतात. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक वाढेल. मोहल्ल्यातील लोक म्हणतात, रस्ता आहे तेवढाच, मग एवढ्या गाड्या जाणार कुठून? कन्नड तालुक्यातील आमच्या देवगाव रंगारीसारख्या गावांपुढेही हा प्रश्न आज ना उद्या येणारच. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमीन अकृषिक करून घेणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

दोन्ही म्हणणी खरी आहेत. समजा 300 घरे झाली आणि घरटी एकच मोटारसायकल धरली, तर सकाळच्या तासाभरात मिनिटाला पाच गाड्या एकाच तोंडाशी येतील. त्यात कापडाच्या गाठी उतरवणारा टेम्पो दुकानासमोर उभा राहिला की वाहतूक बंद. गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक दुसरा बाजार गाठते. म्हणजे कोंडीत रहिवाशांचा त्रास आहे, तसे धंद्याचेही नुकसान आहे.

पण हरकत वेळेवर घेतली तरच तिला वजन असते. मुंबई महापालिकेने फेब्रुवारी 2015 मध्ये 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, त्या प्रमाणाला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. काही भागांत तो 8 पर्यंत सुचविला होता. मसुद्यातील चुका आणि वाढणारी दाटी यांवर हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने दुरुस्तीचा आदेश दिला. सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला आणि 2018 मध्ये मंजुरी मिळाली. लोकांनी मसुद्याच्या टप्प्यावरच अर्ज केले, म्हणून हे घडले.

मंजूर आराखड्यात बदल करायचा असेल तर 1966 च्या नगर रचना कायद्याच्या कलम 37 प्रमाणे हरकतींसाठी एक महिना मिळतो. बांधकाम सुरू झाल्यावर ओरड करण्यात अर्थ उरत नाही. मोठ्या इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे.

अर्जात काय लिहावे? डिसेंबर 2020 पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यानुसार किती बांधकाम करता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. म्हणून नकाशावरील रुंदी आणि जागेवरची रुंदी टेपने मोजून लिहावी. गाड्या लावण्याची जागा, माल उतरवण्याची सोय, पाणी, सांडपाणी आणि मोकळी जागा यांची विचारणा करावी. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागता येतो. विषय ग्रामसभेत मांडून ठरावाची नक्कल जिल्हाधिकारी व नगर रचना कार्यालयाला द्यावी.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. हरकत रस्त्याविषयी असावी, येणाऱ्या माणसांविषयी नको. मुलुंड पूर्वेला प्रकल्पबाधितांसाठी सुमारे 7,400 घरे बांधण्याच्या प्रस्तावाला रहिवाशांनी गर्दी आणि वाहतुकीच्या कारणाने विरोध केला. ती चिंता रास्त आहे. पण प्रकल्पबाधित म्हणजे कुठल्या तरी रस्त्यासाठी किंवा नाल्यासाठी ज्यांचे घर गेले, तेच लोक. घर भाड्याने मागताना नाव ऐकून दार बंद होण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तेच दार आपण दुसऱ्यासाठी बंद करू नये. घरांची गरज किती मोठी आहे ते मुंबईत पाकमोडिया स्ट्रीटवर दिसले. 31 ऑगस्ट 2017 रोजी तिथे जुनी हुसैनी इमारत कोसळून 33 जणांचा जीव गेला.

शेवटी आपल्या ओट्याकडेही पाहू या. दुकानाचा माल फूटभर रस्त्यावर मांडून आपण रुंद रस्ता मागितला तर अधिकारी आधी आपल्यालाच विचारतील. रस्त्यातील अडथळा दूर करणे हे आपल्या दीनमध्ये ईमानाचे काम मानले आहे. आधी आपला अडथळा काढावा, मग अर्ज करावा. अशा अर्जाला वजन येते.