धक्का काढायचा, पण त्याच्या पोटाखालच्यांचं काय?

जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, न्यूपोर्टजवळच्या अ‍ॅगेट बीचवर काँक्रीटचा एक प्रचंड ठोकळा येऊन लागला. लांबी सुमारे २० मीटर, वजन दीडशे टनांच्या वर. तो जपानमधल्या मिसावा बंदराचा तरंगता धक्का होता. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत तुटला आणि जवळपास पंधरा महिन्यांत अख्खा पॅसिफिक ओलांडून आला. लोक फोटो काढायला जमले. जीवशास्त्रज्ञांचं लक्ष मात्र त्याच्या अंगावर काय काय चिकटलंय याकडे होतं. वाकामे हे जपानी समुद्रशैवाल, बार्नॅकल, शिंपले, तारामासे, आशियाई किनाऱ्यावरचे छोटे खेकडे, सगळे जिवंत होते.

मग माणसं कामाला लागली. धक्का खरवडून दीड-दोन टन जीव आणि शैवाल उतरवलं गेलं. ते भरतीच्या रेषेच्या वर खोल खड्ड्यात पुरलं. त्यानंतर गॅसच्या ज्वाळांनी काँक्रीटचा पृष्ठभाग भाजून काढला. धक्क्याचे तुकडे करून तो हलवला गेला पुढे ऑगस्टमध्ये. उचलण्याआधी सोलायचा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे जुनी जेटी काढताना सगळा विचार क्रेन आणि भंगाराच्या भावापाशीच थांबतो.

खाडीत हे काम समुद्रकिनाऱ्यापेक्षाही नाजूक असतं. तरंगता धक्का भरतीबरोबर वर येतो, ओहोटीबरोबर खाली जातो. उथळ खाडीत तो खाली जाता जाता चिखलावरच टेकतो. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. त्याच्या वजनाखाली गाळ दाबला जातो, खेकड्यांची बिळं बुजतात, गाळात राहणारे किडे आणि शिंपले हटतात. त्यात सावलीची भर. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर तपकिरी-हिरवट, बुळबुळीत साय दिसते. ती सूक्ष्म शैवालांची असते. गोगलगायी तिच्यावर चरतात, काही निवट्या तर तोंड डावी-उजवीकडे हलवत ती खरवडून खातात. धक्क्याखाली ऊन नाही, म्हणून ही साय धरत नाही. धक्का निघाला की सगळ्यात आधी ती परतते. दाबलेला गाळ पुन्हा भुसभुशीत व्हायला त्याहून बराच वेळ लागतो.

नुकसानही होतं, ते लपवू नये. धक्क्याच्या पोटाला चिकटलेले शिंपले पाणी गाळत असतात, लहान मासे तिथे आसरा घेतात, आणि एका दिवसात ते सगळं जातं. तरीही चिखलाच्या खाडीत एवढा कठीण, सावलीतला, सतत तरंगता पृष्ठभाग मुळात नसतोच. तिवरांची मुळं आणि खडक हे तिथले खरे आसरे. अशा उपऱ्या पृष्ठभागांवर परक्या जाती सहज पाय रोवतात.

खरी काळजी गाळाची. धक्का धरून ठेवणारा खांब उपसला की वरच्या थराखालचा काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा चिखल वर येतो. त्यात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे तो पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि गंधकाशी बांधलेले जड धातू सुटे होऊ शकतात. बोटींच्या जुन्या रंगांत ट्रायब्युटिल टिन असायचं. त्याने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटत. २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण जुन्या धक्क्यांखालच्या गाळात ते अजून सापडतं. म्हणून काम अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत करावं. तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. गाळ अडवणारा पडदा उधाणाच्या प्रवाहात टिकत नाही, भांगात टिकतो.

एवढा त्रास कशाला, राहू दे तसाच? त्याचं उत्तर थर्माकोल. बहुतेक जुन्या धक्क्यांना तरंगत ठेवतो तो आतला फोम. मिसावाचाच आणखी एक धक्का डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर लागला. लाटांनी काँक्रीट फोडलं आणि फोम बाहेर येऊ लागला. शेवटी मार्च २०१३ मध्ये तुकडे हेलिकॉप्टरने उचलावे लागले. फुटलेला फोम खाडीत गेला की त्याचे दाणे तिवरांच्या मुळांत अडकतात आणि मग ते वेचून काढणं जवळजवळ अशक्य होतं. धक्का धड आहे तोवर काढावा, तो यासाठी.

काढलेला धक्का ओढत शेजारच्या खाडीत नेऊन वापरणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग, कारण त्याला चिकटलेले परके जीवही त्याच्याबरोबर तिकडे पोचतात. मायटिलॉप्सिस सॅलेई हा मध्य अमेरिकेकडचा छोटा, काळपट शिंपला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांमध्ये दिसला, पुढे केरळच्या खाऱ्या पाण्यातही पसरला. १९९९ मध्ये तो ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरीनांमध्ये सापडला, तेव्हा क्लोरीन आणि मोरचूद ओतून त्याचा नायनाट केला गेला. त्याबरोबर आतले बाकीचे जीवही मेले. तिथे ते जमलं, कारण त्या मरीनांना दरवाजे होते, पाणी कोंडता आलं. उघड्या खाडीला दरवाजा कुठून लावणार?

त्यामुळे कंत्राटाच्या कागदावर काही गोष्टी स्पष्ट लिहून घ्यायला हव्यात. खरवड भरतीच्या रेषेच्या वर उतरवायची, पाण्याने धुऊन परत खाडीत सोडायची नाही. धक्का पुन्हा वापरायचाच असेल तर जमिनीवर काही आठवडे कडक उन्हात वाळवायचा. आणि तळाच्या साखळ्या, नांगराचे ठोकळेही काढायचे. वरचं नेलं की काम संपलं असं समजून ते बहुधा तिथेच सोडले जातात, आणि पुढे मच्छीमारांची जाळी त्यांत अडकून फाटतात. ते ठोकळे नेमके कुठे आहेत हे त्या खाडीत रोज जाळं टाकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. क्रेन येण्याआधी त्यांना होडीत बसवून जागा दाखवायला सांगावं, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरीही कंत्राटातूनच द्यावी.