नसलेल्या संगणकाची परीक्षा

समजा, भंडारा जिल्ह्यातील लाखांदूरच्या एका शाळेत एकच जुना संगणक आहे. मुलांना मात्र 'ऑरेंज पाय पीसी' या छोट्या संगणकासाठी आज्ञावली लिहायची आहे. हा संगणक तळहातावर मावतो. त्याचा प्रक्रियक, स्मृती, कार्डाची खाच, जोडण्या असे सारे एकाच बोर्डावर बसवलेले असते. म्हणून त्याला 'सिंगल बोर्ड कॉम्प्युटर' म्हणतात. पण हा बोर्ड शाळेकडे नाही. मग मुलांनी हातावर हात ठेवून बसायचे काय?

मुळीच नाही! 'क्यूएमू' नावाची एक आज्ञावली शाळेच्या संगणकालाच ऑरेंज पायचे सोंग घ्यायला लावते. फ्रान्सचे फाब्रिस बेलार यांनी ती २००३ साली लोकांपुढे ठेवली. ती मुक्त आज्ञावली आहे. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा आणि ती सुधारणा सर्वांना द्यावी, अशी तिची रीत. ऑरेंज पायचे सोंग तिच्यात २०२० साली आले.

सोंग वठते कसे?

शाळेतील संगणकाचा प्रक्रियक आणि ऑरेंज पायचा प्रक्रियक यांच्या यंत्रभाषा सहसा वेगळ्या असतात. ऑरेंज पायचा प्रक्रियक 'आर्म' घराण्यातला आहे. क्यूएमू त्याच्या आज्ञांचा एकेक तुकडा घेते आणि आपल्या संगणकाच्या भाषेत त्याचे भाषांतर करते. झालेले भाषांतर ती जपून ठेवते. तोच तुकडा पुन्हा आला, की नव्याने खटाटोप नको!

उपकरणांचे काय? खऱ्या बोर्डावर एका ठराविक पत्त्यावर अक्षराचा संकेत लिहिला, की ते अक्षर तारेतून बाहेर पडते. क्यूएमू त्या पत्त्यावर नजर ठेवते आणि तेच अक्षर आपल्या पडद्यावर उमटवते. खऱ्या कार्डाच्या जागी एक फाइल असते. आत चालणाऱ्या आज्ञावलीला हा बदल सहसा कळतही नाही.

काय नाही, तेही लिहावे

झाडीपट्टीच्या नाटकातला राजा तुम्ही पाहिला असेल. तो सिंहासनावर बसतो, हुकूम सोडतो. पण पडद्यामागे राजवाडा नसतो. प्रसंगाला लागेल तेवढेच उभे केलेले असते. ऑरेंज पायचे सोंगही तसेच आहे. चार गाभ्यांचा प्रक्रियक आहे, जाळ्याची जोडणी आहे, कार्ड आहे. पण चित्र आणि ध्वनी बाहेर पाठवण्याची सोय त्यात केलेली नाही. क्यूएमूच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिले आहे. ते लिहिले नसते, तर एखादा विद्यार्थी चित्र का दिसत नाही म्हणून दिवसभर आपल्याच आज्ञावलीत चूक शोधत बसला असता.

याहून गमतीची गोष्ट वर्षाची. या बोर्डाच्या घड्याळात पूर्ण वर्ष साठवलेले नसते. एका आधारवर्षापासून किती वर्षे झाली, एवढाच आकडा असतो. लिनक्स ही कार्यप्रणाली १९७० हे आधारवर्ष धरते, तर नेटबीएसडी २००० धरते. घड्याळात ५० असेल, तर पहिली म्हणेल २०२०, दुसरी म्हणेल २०५०! घड्याळ एकच, आकडा एकच आणि फरक तीस वर्षांचा. म्हणून नेटबीएसडी चालवताना आधारवर्ष बदलून द्यावे, अशी सूचना माहितीपत्रकात आहे. ही एक ओळ ज्याने लिहिली, त्याने किती जणांचा वेळ वाचवला असेल!

रोजची तालीम

परंतु लिहिलेले आज खरे असले, तरी उद्या खरे राहील कशावरून? क्यूएमूत जगभरचे लोक बदल करतात. कोणी एक उपकरण दुरुस्त करताना दुसरेच बिघडवू शकतो. नाटकातला एक प्रवेश बदलला, की सगळ्या नाटकाची तालीम पुन्हा घ्यावी लागते. येथेही तसेच.

ही तालीम माणूस घेत नाही, एक छोटी आज्ञावली घेते. ती नकली ऑरेंज पायवर लिनक्स सुरू करते आणि बाहेर येणाऱ्या ओळी वाचत राहते. प्रक्रियकाची माहिती विचारल्यावर 'ऑलविनर' हे चिपच्या घराण्याचे नाव आले पाहिजे. पुन्हा सुरू होण्याचा हुकूम दिल्यावर 'पुन्हा सुरू होत आहे' अशा अर्थाची ओळ दिसली पाहिजे. ठरलेल्या वेळात ती दिसली नाही, तर परीक्षा नापास!

मात्र एक लक्षात ठेवा. सोंग उत्तीर्ण झाले म्हणजे खरा बोर्डही तसाच वागेल, असे नाही. खऱ्या प्रक्रियकाला एका आज्ञेला नेमका किती वेळ लागतो, याची हुबेहूब नक्कल क्यूएमू करत नाही. शेवटची परीक्षा खऱ्या बोर्डावरच.

असे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने आर्डुइनो बोर्डाचे सोंग ब्राउझरमध्ये चालेल असे तयार केले.

करून पाहा

एका मित्राला साधा गणकयंत्र बनवा. त्याला अनुक्रमे २, अधिक, ३, गुणिले, ४ सांगा. साधे गणकयंत्र २० दाखवते, शास्त्रीय गणकयंत्र १४. तुमचा मित्र कोणाचे सोंग घेतो आहे, ते वहीत लिहा. शून्याने भागल्यास तो काय म्हणेल, तेही लिहा. मग अशा दहा परीक्षा तयार करा आणि ती वही दुसऱ्या वर्गाला द्या. तुम्हाला एकही प्रश्न न विचारता त्यांना तुमचे 'यंत्र' चालवता आले, तर तुमचे लिखाण उत्तीर्ण झाले!