वाढत्या अंगाची खुर्ची

आमच्या घरीं दर जून महिन्यांत मुलांना गणवेष घ्यावयाचा तो वाढत्या अंगाचा, असा आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा दंडक आहे. बाही दोन बोटें लांब, कंबर दोन बोटें सैल आणि खालची दुमड चांगली रुंद; म्हणजे एका वर्षाचा खर्च दोन वर्षें पुरतो. ज्या घरांत दोन भावांची पांच मुलें एकत्र वाढत आहेत तेथें ही काटकसर कोणास शिकवावी लागत नाहीं. याच शहाणपणानें तीन वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या नातवासाठीं चाकांची खुर्ची आणली, आणि त्या शहाणपणाची किंमत त्या मुलाच्या पाठीनें भरली. झालेली चूक झांकून ठेवण्यापेक्षां ती चारचौघांत सांगावी, म्हणजे निदान दुसऱ्या घरीं ती टळेल, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहोंत.

हा नातू आतां चौदा वर्षांचा आहे. सातवा महिना संपतो न संपतो तोंच त्याचा जन्म झाला. दीड वर्षाचा झाला तरी तो बसेना, तेव्हां डॉक्टरांनीं 'सेरेब्रल पाल्सी' असें निदान सांगितलें. मेंदूची वाढ होत असतांना, म्हणजे गर्भांत, जन्मसमयीं किंवा जन्मानंतर लवकरच, त्याला इजा पोंचली कीं स्नायूंवरील त्याची हुकमत बिघडते; त्या विकाराचें हें नांव. मेंदूंतील ही इजा पुढें वाढत नाहीं. परंतु मूल वाढतें. हाडें लांबतात, ताठर स्नायू त्या मानानें लांबत नाहींत, आणि त्यामुळें पाठीचा कणा वांकणें, मांडीचें हाड खुब्यांतून सरकणें असे प्रकार वयाबरोबर उद्भवूं शकतात. विकार तोच, पण शरीर दर वर्षीं निराळें, ही गोष्ट आम्हांस फार उशिरां कळली. बुद्धीचें म्हणाल, तर या मुलानें अमरकोशाचें पहिलें कांड आमच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ केलें आहे. फक्त एक श्लोक म्हणावयास त्याला इतरांच्या चौपट वेळ लागतो.

सात वर्षांचा होईपर्यंत त्याचें सारें जाणें-येणें बाबागाडींतून किंवा सूनबाईच्या कडेवरून होई. पुढें गाडी पुरेना, मग आमची व चिरंजीवांची पाठ. सूनबाईची कंबर धरली, ती रात्रीं शेकत बसे, पण बोलत नसे. चाकांच्या खुर्चीचें नांव कोणी काढलें कीं आम्हीच प्रथम आडवे येत असूं. "खुर्चींत बसविलें कीं तो चालण्याची उमेद सोडील," हें आमचें ठरलेलें उत्तर. खरें सांगावयाचें तर उमेद त्याची नव्हे, आमचीच सुटत चालली होती. आणि खुर्ची दारांत आली म्हणजे ती गोष्ट सर्व आळीला कळणार होती.

तो अकरा वर्षांचा असतांना त्याच्या धाकट्या चुलतभावाची मुंज झाली. कार्यालयाला जिना, माणसांची दाटी, आणि आम्ही सगळेच कार्यांत गुंतलेले. त्याला उचलून फिरविणें कोणासच जमेना. म्हणून आंतल्या खोलींत गाद्यांच्या ढिगाशेजारीं त्याला निजविलें, आणि सोबतीस एका वृद्ध आत्याबाईंना बसविलें. मंगलाष्टकें त्यानें भिंतीपलीकडून ऐकलीं. रात्रीं घरीं आल्यावर त्यानें आम्हांस एकच प्रश्न विचारला, "आजोबा, मला आंत कां ठेवलं होतं?" आम्हीं पस्तीस वर्षें मुलांना व्याकरण शिकविलें. 'ठेवणें' हें क्रियापद सामानास शोभतें, हें आमच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही खुर्ची आणावयास बाहेर पडलों.

येथें आमचें शहाणपण आडवें आलें. रुग्णसाहित्याच्या दुकानांत जी पहिली घडीची खुर्ची दिसली ती आम्हीं घेतली. बैठक रेक्झिनची, रुंदी ४६ सेंटिमीटर. "मोठी आहे," असें सूनबाई हळूच म्हणाली. "वाढता मुलगा आहे, दहा वर्षें पुरेल," असें म्हणून आम्हीं पैसे मोजले. मुलाच्या कमरेची रुंदी होती २८ सेंटिमीटर. दोहों बाजूंस उशा कोंबल्या तरी तो उजवीकडे कलंडे. बैठकीचें रेक्झिन मधोमध झोळीसारखें खालीं जाई, आणि त्याबरोबर दोन्ही गुडघे एकमेकांवर चढत. बैठक खोलीलाही अधिक, म्हणून पाठ टेंकावयाची तर त्याला पुढें घसरावें लागे. चार महिन्यांनीं त्याला आंघोळ घालतांना सूनबाईला माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला; दाबला तरी तो पांढरा पडेना. शरीराचा उजवा कलही आतां खुर्चीबाहेर तसाच राहूं लागला होता.

ज्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे आम्ही त्यास घेऊन गेलों, त्यांनीं खुर्चीकडे पाहून एवढेंच म्हटलें, "आजोबा, ही खुर्ची मुलासाठीं नाहीं, दवाखान्याच्या व्हरांड्यासाठीं आहे." रुग्णाला खाटेपासून तपासणीच्या खोलीपर्यंत न्यावयाचें एवढेंच तिचें काम, त्यांत रोज आठ तास बसून अभ्यास करावा, जेवावें, हें तिच्या रचनेंतच नाहीं. वास्तविक घडीच्या खुर्चीचा जन्म एका माणसाच्या गरजेंतून झालेला आहे. खाणींतील अपघातांत अपंग झालेले अमेरिकेंतील अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट यांच्यासाठीं त्यांचे स्नेही हॅरी जेनिंग्ज यांनीं १९३३ च्या सुमारास मोटारींत मावेल अशी हलकी खुर्ची बनविली. पुढें तिचीच तऱ्हा जगभर पसरली. आम्हीं तऱ्हा घेतली, माणूस विसरलों.

नंतर त्या बाईंनीं जी मापें घेतलीं तीं प्रत्येक घरानें समजून घेण्यासारखीं आहेत. मुलाला प्रथम सपाट, टणक बाकावर बसवितात, कारण मऊ गादीवर घेतलेलें माप खोटें निघतें. ज्याप्रमाणें भिंतीआधीं पाया, त्याप्रमाणें येथें कटिभाग आधीं सरळ करावयाचा. तो तिरपा राहिला तर वरचा कणा सरळ राहणें शक्यच नाहीं. बैठकीची रुंदी कमरेइतकी, फार तर दोन्ही बाजूंस एकेक बोट अधिक. खोली मोजावयाची ती नितंबाच्या मागील टोंकापासून गुडघ्यामागील खळगीपर्यंत, आणि त्यांतून दोन-तीन बोटें वजा करावयाचीं. आमच्या नातवाचें हें माप ३६ भरलें, म्हणून बैठक ३३ ची ठरली. पावलें पायटेंकणीवर सपाट टेंकलीं पाहिजेत. तीं लोंबत राहिलीं तर मुलगा पुढें घसरतो, आणि पायटेंकणी फार उंच झाली तर गुडघे वर येऊन सारा भार मागच्या हाडांवर पडतो. कोपर टेंकलें असतां खांदे उचलले जाऊं नयेत व झुकूंही नयेत. बैठक झोळीची नव्हे, खालीं फळी व वर योग्य गादी अशी हवी.

मग वाढत्या मुलाचें काय? हा प्रश्न आम्हीं विचारलाच. उत्तर असें मिळालें कीं वाढ सांगाड्यांत ठेवावी, बैठकींत ठेवूं नये. आतां असे सांगाडे मिळतात कीं ज्यांचे स्क्रू सैल करून बैठकीची खोली, पाठीची व पायटेंकणीची उंची आणि कांहींत रुंदीही वाढवितां येते. मूल आज जेवढें आहे तेवढीच आजची खुर्ची. उद्यांची उद्यां करावयाची. गणवेषाचा नियम येथें उलटा आहे. सैल सदऱ्यानें मुलाचें कांहीं बिघडत नाहीं, पण सैल खुर्चींत मूल ज्या आकाराचें बसतें त्या आकाराचें होऊं लागतें.

पट्ट्यांविषयीं दोन शब्द. कमरेचा पट्टा पोटावरून नव्हे, मांडीच्या सांध्यापाशीं, बैठकीशीं साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करील असा बांधावा. कमरेचा पट्टा न लावतां नुसता छातीचा लावणें धोक्याचें आहे. मूल खालीं घसरलें तर तोच पट्टा गळ्याशीं येतो. ज्या मुलाला मान किंवा धड सांवरतां येत नाहीं त्याच्यासाठीं संपूर्ण बैठक पाठीसह मागें कलणारी खुर्ची येते. नुसती पाठ मागें पडणारी खुर्ची दिसावयास तशीच, पण त्यांत कमरेचा कोन उघडतो, मूल घसरतें, आणि ताठरपणा असेल तर तो उसळूं शकतो. हा भेद दुकानांत आवर्जून विचारावा. खुर्ची कितीही उत्तम असली तरी अर्ध्या तासानें मुलाचा भार इकडचा तिकडे करावा आणि रोज आंघोळीच्या वेळीं त्वचा पाहावी.

खुर्चीइतकेंच घरही मोजावें लागतें. हातानें चालविण्याच्या खुर्चीची बाहेरील रुंदी बैठकीहून सुमारें २० सेंटिमीटर अधिक भरते. आमच्या न्हाणीघराचें दार ६० सेंटिमीटरांचें आहे. आमची पहिली खुर्ची त्यांतून कधींच गेली नसती, आणि ही गोष्ट आम्हांस ती घरीं आल्यावर समजली! उंबरठ्यासाठीं उतार करावयाचा तर उंचीच्या बारापट लांबी धरावी, म्हणजे साडेसात सेंटिमीटर उंबरठ्यास ९० सेंटिमीटरांची फळी. बाहेरचे रस्ते खडबडीत असतील तर पुढचीं चाकें अगदीं लहान घेऊं नयेत, तीं खड्ड्यांत अडकतात. घडी करून रिक्षांत कोण उचलणार, त्याला किती वजन झेपेल, हेंही आधींच ठरवावें. आमच्या घरीं तें काम सूनबाईवरच येणार, म्हणून उचलून पाहण्याचा मान तिचा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे आमचें लक्षच नव्हतें. बाईंनीं दोन प्रकार समोर मांडले. एक, मोठ्या मुलांसाठीं केलेली ढकलगाडी: हलकी, झटकन् मिटणारी, सूनबाईच्या कमरेला सोयीची. दुसरी, मोठ्या मागच्या चाकांची खुर्ची. आम्ही पहिलीकडे हात करणार तोंच बाईंनीं आम्हांस थांबविलें आणि मुलाला विचारलें. त्यानें पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणाला, "ती बाळाची आहे." त्याचा डावा हात बरा चालतो, त्या हातानें मोठें चाक तो चार-सहा वेळां ढकलूं शकतो, त्याहून अधिक नाहीं, आणि एकाच चाकावर जोर आल्यानें खुर्ची वळते. परंतु तेवढें ढकलणें त्याचें स्वतःचें आहे. दुसरी खुर्ची ठरली. ज्या मुलाच्या हातांत तेवढेंही बळ नसेल पण एखादी दांडी हलविण्याइतका ताबा असेल, त्याच्यासाठीं विजेच्या खुर्चीचा विचार अवश्य करावा. तो लाड नव्हे.

खर्चाची गोष्ट टाळतां येत नाहीं. मापाची खुर्ची तयार खुर्चीच्या कितीतरी पट महाग पडते, आणि ती हातीं येण्यास महिनेही लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें जे २१ प्रकार मान्य केले त्यांत सेरेब्रल पाल्सी आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचें प्रमाणपत्र असेल तर १९८१ पासून चालू असलेल्या 'एडिप' योजनेंतून उत्पन्नाच्या मर्यादेनुसार साहाय्य मिळतें. कानपूर येथील १९७२ सालीं स्थापन झालेली 'अलिम्को' ही सरकारी कंपनी या मुलांसाठीं खास खुर्चीही बनविते. मुंबईस हाजीअली येथें १९५५ पासूनची भौतिक चिकित्सा व पुनर्वासाची अखिल भारतीय संस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं खुर्ची देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत तपासणी, अंगाला बसवून पाहणें, वापर शिकविणें आणि पुढची देखभाल या प्रत्येकीला निराळी पायरी आहे. जो विक्रेता मुलाला न पाहतां खुर्ची देतो, त्याच्याकडून ती घेऊं नये.

नवी खुर्ची आली तेव्हां नातेवाईकांपैकीं एकांनीं हळहळून विचारलें, "म्हणजे आतां चालण्याची आशा सोडलीत तर?" व्यायाम चालू आहेत, आधार देऊन त्याला रोज उभेंही करतात, हें आम्हीं त्यांना सांगितलें. मनांत मात्र आदिपर्वांतील अरुणाची कथा आली. विनतेनें उतावीळपणें अंडें वेळेआधीं फोडलें आणि मांड्यांवांचून जन्मलेला तो पुत्र अनूरु म्हणविला गेला. त्याला कोणी चालावयास शिकविलें, असें व्यासांनीं लिहिलेलें नाहीं. त्याला रथावर जागा मिळाली, आणि त्या जागेवरून तो सूर्याचे घोडे हांकतो. ही कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली होती, पण बसण्याच्या जागेकडे कधीं लक्ष गेलें नव्हतें.

आतां दर सहा महिन्यांनीं त्याचीं मापें पुनः घेतों. माजघराच्या चौकटीवर इतर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, त्यांशेजारीं त्याच्या मापांचे आंकडे लिहितों. दोन वर्षांत बैठक दोनदां पुढें सरकवावी लागली. लाल चट्टा गेला. उजवा कल पुष्कळ कमी झाला, पण अगदीं गेला नाहीं, आणि डॉक्टर त्यावर नजर ठेवून आहेत. त्या चार महिन्यांचा त्यांत किती वाटा आहे हें आम्ही त्यांना विचारलेलें नाहीं. विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

गेल्या आषाढांत घरीं पुरणपोळीचा बेत होता. पाट मांडले होते, पण पंगतीच्या टोंकाला एक मेज ठेविलें होतें, त्याच्या खालीं खुर्ची बरोबर जाते. आम्ही माजघराच्या दारांत उभे राहून कोणाशीं तरी बोलत होतों. मागून चाकाचा आवाज आला, थांबला, थोडा वेळ गेला, आणि मग एकेक अक्षर जोडून शब्द आले, "आजोबा, वाट सोडा." आम्हीं वाट सोडली.