जुन्या लेन्स, नवे कॅमेरे – भाग ९ : गिल्बर्ट हिल मावते कशात?

अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलचा पूर्ण फोटो फार कमी लोकांकडे असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा कातळ सुमारे ६१ मीटर उंच सरळ उभा आहे आणि इमारती, घरं त्याच्या अगदी अंगाला येऊन टेकली आहेत. मागे सरकायला जागाच नाही. गेल्या आठवड्यात ज्या २४ मिलिमीटर लेन्सबद्दल लिहिलं, ती उभी धरून, कॅमेरा वर न झुकवता पूर्ण कातळ टिपायचा तर सुमारे ८० मीटर मागे जावं लागेल. तिथे तुमच्या आणि टेकडीच्या मध्ये एखादी सोसायटी उभी असणार. जवळूनच कॅमेरा वर झुकवला तर कातळ मागे कोसळल्यासारखा दिसतो.

१६ मिलिमीटरची जुनी फिशआय हे काम साधारण २५ मीटरवरून करते, आणि तेही कॅमेरा सरळ ठेवून.

हे कसं जमतं? साधी वाइड लेन्स सरळ रेषा सरळच ठेवायचा हट्ट धरते. त्या हट्टापायी कडेची चित्रं ताणत न्यावी लागतात, आणि कोन १८० अंशांच्या जवळ गेला की हा ताण अनंताकडे जातो. म्हणजे अशी लेन्स कितीही पैसे मोजले तरी १८० अंश दाखवू शकत नाही. फिशआय तो हट्ट सोडते. कडेच्या रेषा ती वाकू देते आणि बदल्यात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जवळपास १८० अंशांचं दृश्य देते. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये पाणी भरलेल्या बादलीचा कॅमेरा करून अशी चित्रं घेतली होती. पुढे हवामानशास्त्रज्ञांनी अख्खं आभाळ, त्यातले ढग एका फोटोत घ्यायला अशा लेन्स वापरल्या. निकॉनची १९६२ ची ८ मिलिमीटर फिशआय कॅमेऱ्याच्या पोटात इतकी आत शिरायची की आतला आरसा वर अडकवून ठेवावा लागे. फ्रेम बघायला वेगळा व्ह्यूफाइंडर वर बसवायचा!

पण एक गोष्ट बरेच जण विसरतात. फिशआय सगळंच वाकवत नाही. चौकटीच्या मध्यबिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा सरळच राहते. म्हणून गिल्बर्ट हिलच्या मधल्या उभ्या स्तंभावर चौकटीचा मध्य धरा. तो ताठ राहील, बाजूचे स्तंभ कंसासारखे थोडे आत झुकतील. क्षितिजाचंही तेच. ते मध्यावर असेल तर सपाट, वर-खाली गेलं की धनुष्य. पोटं सुटलेल्या इमारतींचे आणि फुगलेल्या नाकांचे फोटो आता पुरे झाले, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिशआयला खरी शोभते ती मुळातच गोल किंवा कोंडलेली जागा. ती अंधेरीतच, पण पूर्वेला आहे. महाकाली, म्हणजे कोंडिविटेच्या लेण्यांतलं नऊ क्रमांकाचं चैत्यगृह पाहा. आत दगडातच कोरलेली गोल झोपडी, तिच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या आणि पोटात स्तूप. स्तूपाभोवती मागे सरकायला जेमतेम वाव. इथली मूळ गोलाई आणि लेन्सची गोलाई एकमेकींत मिसळतात. काय वाकलंय ते डोळ्याला सांगताच येत नाही. उजेड कमी असतो आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते. पण १६ मिलिमीटरला हात थोडा हलला तरी चालतो. भिंतीला पाठ टेकून पंधरांश सेकंद सहज जमतं. कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर मेनूत १६ हा आकडा हाताने भरा, जुनी लेन्स तो स्वतःहून सांगत नाही.

फोकसची कटकट जवळपास नाहीच. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ठेवा, फोकसची रिंग एक मीटरच्या किंचित पुढे न्या. अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वच्छ. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मात्र कडा कापल्या जातात आणि १८० अंशांची गंमत बरीच उणावते. जपून राहायचं ते स्वतःपासून: बुटांची टोकं, गळ्यातला पट्टा, संध्याकाळी लांबलेली स्वतःची सावली, सगळं चौकटीत येतं. पश्चिमेकडे तोंड केलंत तर सूर्यही. जुन्या कोटिंगवर त्याचे ठिपके उमटणारच.

बाजारात सहज हाती लागते ती रशियन झेनिटार १६ मिलिमीटर, एफ/२.८. तिच्या एम४२ आट्यांच्या आवृत्तीला कॅनन ईएफ किंवा कोणत्याही मिररलेस कॅमेऱ्यावर साधी रिंग पुरते. निकॉनच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यावर साध्या रिंगने दूरचं फोकस होत नाही, तिथे ती घेऊ नका. फुगीर काचेपुढे फिल्टर बसत नाही म्हणून तो मागच्या बाजूला लावतात आणि तोही लेन्सच्या रचनेचाच भाग असतो. विकणाऱ्याकडून तो मागून घ्या.

फोर्टच्या बोरा बाजारात लेन्स हातात घेतलीत की मोबाइलचा टॉर्च मागून आत मारून बघा. फंगसचे धागे लगेच दिसतात. मग पुढची काच तपासा. या लेन्सला अगदी जवळचंही फोकसमध्ये येत असल्याने इतर लेन्सवर खपून जाणारा ओरखडा इथे फोटोत उमटतो. तसा दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी लेन्स परत ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात फंगस कशी आवरायची, ते पुढच्या आठवड्यात.