‘ते साहेबांनाच माहीत’

‘ते साहेबांनाच माहीत, ते आले की या.’ कुठल्याही कचेरीत हे वाक्य आपण ऐकलेलं असतं. जिथे वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड असते, तिथे माहिती हीसुद्धा एक खुर्चीच असते. दुसऱ्याला सांगितली तर आपली किंमत कमी होईल, ही भीती. शिवाय कामाची बरीचशी माहिती कागदावर नसतेच. ती चहा पिताना, गप्पांमधून मिळते. त्या गप्पांत जिला जागा नाही, ती बाई हुशार असूनही मागे पडते.

अशी बाई स्वतः वरच्या खुर्चीवर बसली तर? अ‍ॅना मणी यांचं उदाहरण बघू या.

त्या १९१८ साली त्रावणकोरमधल्या एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मल्या. १९४० मध्ये बेंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि हिरे-माणकांच्या वर्णपटांवर काम करू लागल्या. तिथे मुलामुलींनी एकत्र बसून चर्चा केलेली रामन यांना खपत नसे. म्हणजे शेजारच्या टेबलावरचं ज्ञानही लांबच! त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रबंधही लिहून झाला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही.

पुढे इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचं शिक्षण घेऊन त्या १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. १९५३ मध्ये उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष.

इथे त्यांनी केलेलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं त्यांनी तयार करून घेतली. म्हणजे काय? उपकरणाचा प्रत्येक भाग किती लांब, किती जाड, कुठे कसा जोडायचा, हे सगळं कागदावर. असा कागद नसेल तर ते कसब एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हातात राहतं आणि त्याच्याबरोबरच निवृत्त होतं. कागद असेल तर काल आलेला कारागीरही तेच उपकरण बनवू शकतो. आणि उपकरणं सारखी असली, तरच दोन गावांच्या पावसाची तुलना करता येते.

प्रयोगशाळेतला तो अबोला त्यांच्या मनात असेल का? तसं ठामपणे म्हणता येणार नाही. पण माहिती ‘साहेबां’कडेच अडकून राहू नये, अशी व्यवस्था त्यांनी केली, एवढं नक्की. त्याने त्यांची खुर्ची डळमळली नाही. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतरही भारतातल्या सौरऊर्जेच्या नोंदींची दोन मोठी पुस्तकं त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली.

आता जरा आपल्याकडे. दर जूनमध्ये आपल्या मंडळाची नवी सचिव शून्यापासून सुरुवात करते. हॉलसाठी अर्ज कुणाकडे द्यायचा, परीक्षक कसे बोलवायचे, मागच्या वर्षी खर्च किती झाला, हे सगळं पास होऊन गेलेल्या ताईच्या फोनमध्ये! आपल्याला शंभर रेखाचित्रं नकोत. एक दोनशेपानी वही पुरे. यंदाच्या समितीने ती लिहायला घ्यावी, आणि पहिलं पान मी लिहीन.