वादळासाठी रेडिओ : सेलचा की हँडलचा?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले, मोबाईल मुके झाले. अशा वेळी माल माळ्यावर चढवायचा की होडी वर ओढायची, हे रेडिओच्या बातमीवर ठरते.

हँडलच्या रेडिओला सेल लागत नाहीत. पण मिनिटभर फिरवले तर थोडाच वेळ चालतो, आणि पडून राहिल्यास आतली बॅटरी मरते. सेलचा रेडिओ बराच वेळ चालतो, सेल गावातल्या दुकानात मिळतात. मात्र आत विसरलेले सेल गळून पट्ट्या गंजतात.

व्यापारी व कारागीर बांधवांना आमचा सल्ला : सेलचाच घ्यावा. हँडल हवेच असेल तर सेलवरही चालणारा पाहावा. आकाशवाणी आपल्या गावात स्पष्ट लागते ना, हे तपासावे. पावसाळ्याआधी नवे सेल कोरड्या डब्यात वेगळे ठेवावेत. तदबीर आपली, हिफाजत अल्लाहची.